तीनशे किलोमीटरची निष्ठा

ओफेलियाचा फोन आला तेव्हा एवारिस्तो लुदुएन्या स्वयंपाकघरात बसून कडू माते, म्हणजे पाल्याचा चहा, नळीने ओढत होता आणि त्याची बायको नेलिदा भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायचं म्हणून स्टुलावर चढली होती. कॅलेंडर मागच्या वर्षाचं होतं. विमा कंपनीचं. "घोड्याचं चित्र चांगलं आहे, राहू दे," असं म्हणत एवारिस्तोने ते सप्टेंबरपर्यंत टांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्या घरात तारखेचा आणि वाराचा मेळ कधीच बसत नसे.

ओफेलिया म्हणजे एवारिस्तोच्या धाकट्या भावाची, हिलारिओची बायको. सात वर्षांत तिचा फोन आला नव्हता. ती थोडंच बोलली. डॉक्टरांनी हात टेकलेत, फार तर आजचा दिवस. हिलारिओ तोंडाने काही म्हणत नाही, पण सारखा दाराकडे बघतो. यायचं असेल तर आजच या.

सात वर्षांपूर्वी दोघा भावांचं भांडण झालं ते, खरं वाटणार नाही, पण गाडीच्या विम्यावरून. निखाऱ्यांवर मांस भाजत होतं, वाइन उघडलेली होती आणि हिलारिओ सांगत होता की आपण दरवर्षी कंपनी बदलतो, नवी कंपनी नव्या नवरीसारखे लाड करते, हप्ताही कमी घेते. एवारिस्तोने आयुष्यभर एकच कंपनी धरली होती. एकदाही क्लेम केला नव्हता. पाववाल्याच्या टेम्पोने त्याच्या गाडीचं दार चेपलं तेव्हासुद्धा कंपनीला उगीच त्रास नको म्हणून त्याने स्वतःच ठोकून घेतलं होतं. "आणि त्यांनी तुला काय दिलं रे?" हिलारिओने विचारलं. "कॅलेंडर!" सगळे हसले. एवारिस्तोला ते झोंबलं आणि झोंबलं की त्याच्या जिभेला हाड राहत नसे. तो म्हणाला, "निष्ठा काय असते ते तुला काय कळणार? बापाच्या मातीलाही तू नव्हतास." हिलारिओने काटा-सुरी खाली ठेवली, बायकोला उठवलं आणि तो निघून गेला. त्यानंतर दोन्ही घरांत दुसऱ्याचं नाव निघेनासं झालं.

आता जायचं कसं? बहिया ब्लांकाहून सांता रोसा सव्वातीनशे किलोमीटर. बसवाल्यांचा त्याच दिवशी संप. अंगणात एवारिस्तोची हिरवी गाडी होती, पण तीन आठवडे तिने डोळा उघडला नव्हता. शेजाऱ्यांची गाडी मागूया, असं नेलिदाने सुचवलं. एवारिस्तोने नकार दिला.

"आणि कंपनी कशाला आहे?" तो म्हणाला. "बंद पडलेली गाडी फुकट ओढून नेतात. आपण सांगू त्या गावाला. सोबत दोन माणसं ट्रकमध्ये बसवून. चौतीस वर्षांचं पुण्य साठलंय, आज वापरू."

"म्हाताऱ्या, गाडी सांता रोसाला दुरुस्त करायची म्हणून सांगणार? त्यांना खरं वाटेल?"

"मी जुना माणूस आहे त्यांचा."

टोइंगचा ट्रक आला. चालक माइदाना जाडजूड आणि अबोल होता. नियम म्हणून त्याने एवारिस्तोला किल्ली फिरवून दाखवायला सांगितली. एवारिस्तोने निर्धास्तपणे फिरवली आणि तीन आठवडे मेल्यासारखी पडलेली ती गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. नुसती सुरू नाही, गुणगुणायला लागली. एवारिस्तोचा चेहरा उतरला. तिच्या भरवशावर मोकळ्या माळावर निघायचं तर रस्त्यात कुठे मान टाकेल याचा नेम नव्हता, आणि चालू गाडी ट्रकवाला नेणार नव्हता. मग नेलिदा पुढे झाली. तिने बॉनेट उघडलं, हाताला लागली ती जाड वायर उपटली आणि आत जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत तुळशीच्या डब्याशेजारी ठेवून आली. गाडी गप्प झाली. माइदानाने आकाशाकडे पाहिलं.

"बंद आहे," तो म्हणाला. "चला."

वाटेत एवारिस्तो खुलला. खरं तर भीती वाटली की तो जास्त बोलायचा. त्याने माइदानाला एकनिष्ठेवर व्याख्यान दिलं. कंपनीचा एजंट बेर्तोलोत्ती दर डिसेंबरला स्वतः घरी येतो, माते पितो, नातवंडांची नावं विचारतो, अशी नाती आता राहिली नाहीत, वगैरे. नेलिदा खिडकीबाहेर बघत होती. गेल्या डिसेंबरात बेर्तोलोत्ती फिरकला नव्हता, हे तिला माहीत होतं. पण अशा वेळी नवऱ्याचं पितळ उघडं पाडणारी ती बाई नव्हती.

दुपारी माइदानाने ट्रक कडेला घेतला. दोन्ही बाजूंना काटेरी झाडं, तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे एक गाय.

"तीनशे झाले," तो म्हणाला.

"पण सांता रोसा पुढे आहे."

"तुमचे तीनशेच आहेत, काका. ट्रकवर वरून नजर असते. एक किलोमीटर जास्त झाला तर माझ्या पगारातून जातो."

त्याने गाडी उतरवली, स्वतःच्या डब्यातला पाव दोघांना दिला, नेलिदाची माफी मागितली आणि परत फिरला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, कंपनीची धाव गायीपर्यंत.

"सकाळी सुरू झाली होती," एवारिस्तो म्हणाला. "उरलेलं अंतर तर जाईल." तो उत्साहाने गाडीत बसला. किल्ली फिरवली. मग थांबून त्याने नेलिदाकडे पाहिलं. नेलिदाने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. वायर तुळशीच्या डब्याशेजारी होती. त्या क्षणी तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो स्टिअरिंगवर कपाळ टेकवून नुसता बसून राहिला.

मग त्याने कंपनीला फोन लावला. बराच वेळ फोनवर नुसती बासरीची धून वाजली. नंतर एका मुलीने गोड आवाजात सांगितलं की जुन्या पॉलिसीवर तीनशेच मिळतात. नव्या ग्राहकांना मात्र यंदा पाचशे आहेत.

"मी चौतीस वर्षं आहे तुमच्याकडे," एवारिस्तो म्हणाला.

त्याबद्दल तिने मनापासून आभार मानले. मग मला आत्ताच नवा करा, असं त्याने म्हटलं. होईल की, ती म्हणाली, पण त्याला महिना लागतो, आणि तपासणीच्या वेळी गाडी चालू असावी लागते.

राहता राहिला बेर्तोलोत्ती. त्याने लगेच फोन उचलला, आपुलकीने चौकशी केली आणि सांगितलं की ती कंपनी तर त्याने गेल्या वर्षीच सोडली. दुसऱ्या कंपनीत आहे, तिथे कमिशन बरं मिळतं. "तुम्हीही या ना इकडे," तो म्हणाला. एवारिस्तोने फोन बंद केला आणि बराच वेळ गायीकडे बघत राहिला. त्याला राग आला नव्हता. आपण म्हातारे झालो एवढंच त्याला कळलं.

नेलिदाने त्याला न विचारता ओफेलियाला फोन लावला. आपण कुठे अडकलोय ते सांगितलं. पलीकडे कुजबुज झाली आणि मग नेलिदाने फोन एवारिस्तोच्या कानाला लावला.

"किती दिले रे त्यांनी?" हिलारिओने विचारलं. आवाज कागदासारखा पातळ झाला होता.

"तीनशे."

पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी आलं. ते हसू होतं. "मला पाचशे आहेत. फेब्रुवारीत बदलली."

"परत बदललीस?"

"पाठवतो माझा ट्रक. कोणी विचारलं तर तू हिलारिओ. आणि आहेस तिथेच थांब. तेवढं तुला चांगलं जमतं."

सात वर्षांनी झालेलं त्यांचं बोलणं एवढंच. फोन ठेवल्यावर एवारिस्तो रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला आणि रडला. नेलिदाने त्याला रडू दिलं.

दुसरा ट्रक सांता रोसाच्या बाजूने आला. चालकाचं नाव रोल्दान, आणि तो माइदानाच्या नेमका उलट, तोंडाचा पट्टा बंद नाही. "तुम्हीच हिलारिओ लुदुएन्या?"

"मीच," एवारिस्तो म्हणाला.

"इथे पांढरी पिकअप लिहिलीय."

"धूळ बसलीय," नेलिदा म्हणाली.

रोल्दानने हिरव्या गाडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बाईच्या चेहऱ्यावर असं काही होतं की त्याने पुढे विचारलं नाही. गाडी चढवली आणि निघाल्याबरोबर गप्पा सुरू केल्या. इतक्या लांब कुठे गेला होता? बहिया ब्लांकाला? तिथे कोण असतं?

"भाऊ," एवारिस्तो म्हणाला.

"वा. म्हणजे येणं-जाणं आहे."

"नाही."

"भांडण?"

एवारिस्तो समोरच्या काचेकडे बघत, हिलारिओ होऊनच, सांगायला लागला. "बाप आजारी पडला तेव्हा भावाने मला कळवलं नाही. होईल बरा, उगीच कशाला धावपळ, म्हणाला. कळवलं ते अगदी शेवटी. मी मिळेल त्या बसने निघालो, पोचलो तर माती होऊन गेली होती. वर तोच मला चारचौघांत म्हणाला, की तू आला नाहीस."

नेलिदाने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ही गोष्ट ती अशी पहिल्यांदा ऐकत होती.

"राग मानू नका," रोल्दान म्हणाला, "पण तुमचा भाऊ माणूस म्हणून काही खरा नाही."

"नाही," एवारिस्तो म्हणाला. "पण विमा मात्र एकाच कंपनीत ठेवतो."

रोल्दान मांडीवर थाप मारून हसला. एवारिस्तोला आता एकच घाई होती. हेच सगळं, हिलारिओचं नाव काढून आणि स्वतःचं नाव घालून, हिलारिओला सांगायचं. त्याने मनात वाक्य जुळवायला घेतलं. ते फार लांब नव्हतं. गाव येईपर्यंत पाठ झालं होतं.

घराचं फाटक उघडं होतं. अंगणात शेजारपाजारचे लोक उभे होते आणि कोणी बसलेलं नव्हतं. ओफेलिया फाटकाशी आली. तिने काही सांगायच्या आधीच एवारिस्तोला कळलं. वाक्य त्याच्या तोंडात तसंच राहिलं.

रोल्दान मात्र कागद घेऊन उडी मारून उतरला. "बाई, तुमचा नवरा सुखरूप आणलाय," तो म्हणाला. "इथे सही करा, हिलारिओभाऊ."

अंगणात कोणी हललं नाही. ओफेलियाने एवारिस्तोकडे पाहिलं, बराच वेळ. मग रोल्दानला म्हणाली, "थँक्यू. फार लांबून आलेत ते." एवारिस्तोने कागद गाडीच्या टपावर ठेवला आणि भावाचं नाव लिहिलं. सही भावासारखीच आली. लहानपणी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दोघेही बापाची सही करायचे, हात एकाच वळणाचे होते.

खोलीत खाट दाराकडे तोंड करून लावलेली होती. ओफेलियाने सांगितलं, ट्रकवाल्यांना पत्ता देऊन झाल्यावर त्याने पाणी मागितलं, आणि अगदी खूश होता. कंपनीला फसवलं म्हणून. मग डोळे मिटले. "तुमच्यासाठी निरोप ठेवलाय," ती म्हणाली. "मला म्हणाला, तो आला की विचार, यंदाचं कॅलेंडर मिळालं का."

एवारिस्तो खुर्ची ओढून खाटेशी बसला. भावाचा हात अजून पुरता गार झाला नव्हता. सप्टेंबर उजाडेपर्यंत बायकोपासून, शेजाऱ्यांपासून, स्वतःपासून लपवून ठेवलेली गोष्ट त्याने शेवटी सांगून टाकली.

"नाही मिळालं रे," तो म्हणाला. "यंदा तेही नाही दिलं."