अंगावर पिणारं लेकरू

लेकराच्या पोटाला डाग द्यायला बोलावलेल्या धुरपताबाईने कनवटीचा बिब्बा काढला, त्यात दाभण खुपसलं आणि चुलीपाशी बसकण मारली. नीलांबिकेने आपल्या सात महिन्यांच्या बाळाला पदराखाली ओढून घेतलं.

"आत्याबाई, एवढ्यात डाग नको. आधी डॉक्टरांना तर दाखवू."

"एवढ्यात?" सासूबाई चन्नबसम्मा म्हणाल्या, "सकाळपासून लेकरू रडायलंय. दाताचं म्हणावं तर आपल्या घराण्यात वर्षाच्या आत कुणाला दात येत न्हाई. म्हंजे पोटच. तुझ्या नवऱ्याच्या पोटावर पाच डाग हायत. काय वाईट झालं त्याचं?"

नीलांबिकेने ते डाग पाहिले होते, म्हणून तर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती हैदराबादेत उर्दूतून इंटर झालेली. सेलूत सगळी आळी तिला 'शिकलेली सून' म्हणायची, आणि त्यात कौतुक किती नि तक्रार किती हे तिला अजून उमगलं नव्हतं. बिब्बा तापायला वेळ लागतो, एवढं मात्र तिने हेरलं होतं. ती दाराआड गेली आणि ओसरीवरच्या नवऱ्याला हळूच म्हणाली, "अवं, दवाखान्याच्या डॉक्टरांना घेऊन या. पळत जा."

लिंगराज पळाला. तेवढ्यात लिंगपूजा आटोपून सासरे बसवंतराव बाहेर आले. डॉक्टरचं नाव त्यांनी आतून ऐकलं होतं. कापसाचे मोठे व्यापारी. घरात त्यांचा शब्द शेवटचा.

"इंग्रजी औषधात दारू असती," ते म्हणाले. "आपल्या घरात ती चालायची न्हाई. व्यंकट वैद्याला बोलवा." गडी वैद्याकडे सुटला.

इकडे लिंगराजला जिनिंगपाशी हकीमसाहेब आडवे आले. गेल्या साली त्याचा हिवताप त्यांनीच उतरवला होता.

"कुठं पळायलास, बेटा?"

डॉक्टरकडे, असं हकिमाच्या तोंडावर कसं सांगायचं? "तुमच्याकडंच," लिंगराज म्हणाला. हकीमसाहेबांना त्याने पुढे घरी धाडलं आणि स्वतः मागच्या गल्लीने दवाखाना गाठला.

त्यामुळे तिघेही एकदमच दारात उगवले. हकीम वैद्याला म्हणाले, "आप पहिले." वैद्य म्हणाले, "छे छे, तुम्ही." दोघे असे अडून बसले असताना डॉक्टर सायकल भिंतीला लावून सरळ आत शिरले.

बिब्बा परतत धुरपताबाई म्हणाली, "तीन आले. आता बैलांचा सलोत्री तेवढा ऱ्हायला."

बसवंतरावांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने छताकडे पाहिलं. पण दारात आलेल्याला परत कसं पाठवायचं? तिघांना गादीवर बसवण्यात आलं आणि चन्नबसम्मांनी बाळाला बाहेर नेलं. नीलांबिका दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली.

वैद्यांनी बाळाचं मनगट धरून डोळे मिटले. "वात. पोटात वारा कोंडलाय. काढा पाजा."

हकीमसाहेबांनी दुसरं मनगट धरलं. "वारा न्हाई, गर्मी हाय. अंगाचा मिजाज बिघडलाय. आमचं चूर्ण चाटवा."

डॉक्टरांनी कानात नळ्या घातल्या. बाळाने एक नळी तोंडात घेतली. "अपचन," डॉक्टर म्हणाले. "मिक्स्चर देतो. काढ्याने पोट बिघडेल."

"बिघडंल?" वैद्य उसळले. "तुमच्या दवाखान्यात सगळ्यांना एकाच बाटलीतलं औषध! वैद्याचं काम रोगाचं मूळ धरायचं."

"मूळ मिजाजात असतं," हकीम शांतपणे म्हणाले.

"तुमी मूळ धरा, तुमी मिजाज धरा," धुरपताबाई आतून ओरडली, "पण रडणारं लेकरू कोण धरायलंय?"

नीलांबिकेच्या ध्यानात आलं, की भांडण चालू आहे तोवर बाळाला कुणी हात लावत नाही. तिने चहा पाठवला. भांडण जरा थंडावतंय असं दिसलं, की पुन्हा पाठवला. तिसऱ्यांदा आधण ठेवणार, तोच बसवंतरावांनी मांडीवर थाप मारली. व्यापारी माणूस, सौदा मोडण्यापेक्षा मध्यावर तोडगा काढायची सवय.

"कुणाचंच मन मोडायला नको. तिघांचंबी औषध थोडं थोडं देऊ. इंग्रजी असलं तरी चमचाभर चालंल. आन् वर धुरपताबाईचा डाग."

नीलांबिकेच्या हातातलं आधणाचं भांडं कलंडलं. सासऱ्यांसमोर ती आजवर चार शब्द बोलली नव्हती. आज दाराआडून भसकन बोलून गेली, "मामंजी, अंगावर पिणारं लेकरू आहे ते! त्याला वरून कशाला काय द्यायचं? आईच्या दुधातूनच जातंय सगळं."

"बरोबर!" वैद्य म्हणाले. "दूध सुधारलं की लेकरू सुधारतं. आमच्या शास्त्रात हेच हाय."

"बिलकुल बरोबर," हकीम म्हणाले. "युनानीतबी हेच."

"तसं पाहिलं तर..." डॉक्टरांनी नळ्या घडी करून खिशात घातल्या. "खोटं नाही."

सेलूत तिघांचं एकमत पहिल्यांदाच होत होतं. बसवंतराव खूश झाले.

"शिकलेली सून ती शिकलेलीच! मग ठरलं. तिघांचं औषध सूनबाईला द्या."

"आन् माझा बिब्बा?" धुरपताबाईने विचारलं. "तापलाय कवाचा!"

"तोबी तिलाच."

"पोटाला?"

"टाचंला लाव," चन्नबसम्मा म्हणाल्या. "भेगा पडल्यात तिला."

नीलांबिकेचं जे बोलायचं ते आधीच बोलून झालं होतं. तिने काढा घेतला. चूर्ण चाटलं. मिक्स्चरला तर कडू, तुरट, आंबट अशा सगळ्याच चवी होत्या. ते घशाखाली उतरतंय तोच टाचेला चटका बसला. नाक वर, ओठ खाली, एक डोळा मिटलेला, असं तिचं तोंड झालं. बाळाने ते पाहिलं. दिवसभर रडणारं लेकरू खदखदून हसलं.

"अगं बाई!" चन्नबसम्मा वाकल्या. "दात! खालच्या हिरडीला दात दिसायलाय!"

आजोबांनी बोट घालून पाहिलं आणि चावा बसताच 'हाय' करून बोट बाहेर काढलं. घराण्याची रीत मोडली होती.

"काढा लागू पडला," वैद्य म्हणाले.

"चूर्ण," हकीम म्हणाले.

"औषधाला अंगात भिनायला वेळ लागतो," डॉक्टर म्हणाले, "पण मिक्स्चर पातळ असल्यामुळे लवकर भिनतं."

धुरपताबाईने नीलांबिकेच्या टाचेकडे बोट दाखवलं आणि बिब्बा कनवटीला लावला.

लंगडत का होईना, नीलांबिका सुखात होती. बाळाच्या पोटावर डाग नव्हता. रात्री ते शांत झोपलं आणि तिचाही डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची कमलबाई दारात उभी राहिली. काखेत रडणारं लेकरू, हातात झाकलेली वाटी.

"काकू, सूनबाई हायत का?"

"हाय की. कामून?" चन्नबसम्मांनी विचारलं.

"आमचंबी लेकरू रडायलंय. वैद्यांचा काढा आणलाय," कमलबाई म्हणाली. "मला मेलं कडू सोसत न्हाई. तुमच्या सूनबाईंना पाजला की लेकराला उतार पडतो म्हनं."

नीलांबिका लंगडत मागच्या दाराकडे निघाली होती. चन्नबसम्मांनी न बघताच तिचा पदर धरला आणि वाटीसाठी कोनाड्यात जागा केली.

"ठेव हितं. तिचं कालचं मिक्स्चर उरलंय. ते झालं की घेईल."