भर उन्हातला दिवा

खापरखेड्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या महादेवरावांना एक गोष्ट अजिबात सहन होत नसे, ती म्हणजे दिवसा जळणारा दिवा. घरातला तर सोडाच, पण शेजाऱ्यांच्या जिन्यातला, दवाखान्याच्या व्हरांड्यातला, एकदा तर कुणाच्या तेरवीला हार घातलेल्या फोटोपुढचा बल्बसुद्धा त्यांनी जाता जाता बंद केला होता. बंद करण्याआधी कुणाला विचारायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दुसरी सहन न होणारी गोष्ट म्हणजे मुलीचा धंदा. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास अर्धवट टाकून वैभवी गळ्यात कॅमेरा अडकवून लोकांच्या कार्यक्रमांत फिरत होती. शेवटी बापलेकीत तह झाला. चुलतबहीण मयुराच्या साक्षगंधाचे, म्हणजे साखरपुड्याचे, फोटो वैभवीनं काढायचे. चांगले आले तर महादेवराव पुन्हा बँकेचं नाव काढणार नाहीत. बिघडले तर त्याच संध्याकाळी बँकेचा फॉर्म भरायचा, कारण शेवटची तारीख तीच होती. वैभवीची आई प्रेमिलाबाई या तहाच्या साक्षीदार. त्यांची स्वतःची फोटोंबद्दल एक जुनी तक्रार होती. त्यांच्या लग्नात फोटोवाल्यानं सगळ्यांना सूर्याकडे तोंड करून उभं केलं होतं, आणि अख्ख्या अल्बमात नवरदेवाचे डोळे मिटलेले होते.

साक्षगंध काटोल रोडवरच्या एका लॉनवर होतं. थंडीत ठरवलं तेव्हा उघड्यावर, कोवळ्या उन्हात करायची कल्पना सगळ्यांना फार आवडली होती. फेब्रुवारीत भरदुपारी साडेबाराला ते ऊन चांगलंच कडक झालं होतं. वैभवीनं मयुराला आणि नवरदेव रजतला सूर्याकडे पाठ करून उभं केलं आणि बाजूला उंच दांडीवर फ्लॅश लावला. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की तिकडे तो उजळायचा. त्याच्या पोटात एक छोटा दिवा मात्र सारखा जळत असायचा.

रजतचे काका ईश्वरदास यांना हे पटलं नाही. डोक्यावर एवढा सूर्य असताना पोरगी लाइट कशाला लावते, हे त्यांनी चार जणांना विचारलं. मग अंगठ्या घातल्या गेल्या, टाळ्या झाल्या, आणि वैभवीनं फोटो पाहिला. मागचं लॉन झगझगीत, आणि फेट्याखाली रजतचा चेहरा तव्यासारखा काळा. फ्लॅश उडालाच नव्हता. जाऊन बघते तर बंद. आपणच चालू करायचं विसरलो, असं समजून तिनं तो चालू केला आणि हात जोडून अंगठ्या पुन्हा घालायला लावल्या. पुन्हा अंधार. आता तिला बॅटरीचा संशय आला. ती बदलून तिनं फ्लॅश पुन्हा चालू केला. तिसऱ्या खेपेला मयुराच्या सुजलेल्या बोटातून अंगठी निघेना, म्हणून आचाऱ्याकडून तेल मागवावं लागलं.

"तीनदा झालं," ईश्वरदास म्हणाले, "आता लगन झालं असंच समजा, आन् जेवायले बसा."

तिसऱ्यांदाही अंधारच आला. बँकेचा फॉर्म वैभवीला डोळ्यांसमोर दिसू लागला. आधीचे फोटो ती एकेक करून मागे सरकवत पाहू लागली. मध्येच लॉनचा एक लांबून काढलेला फोटो होता. त्यात कडेला फ्लॅशची दांडी होती, आणि दांडीशी वाकलेला, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधलेला एक माणूस. चेहरा दिसत नव्हता, पण ते वाकणं ती लहानपणापासून ओळखत होती.

"बाबा, तुम्ही लाइट बंद करून राहिले का?"

"मंग? दिवसाढवळ्या जळून राहिला होता. तीनदा बंद केला मी, तरी कोनतरी चालू करूनच राहिला."

भांडायला तिच्यात त्राण उरलं नव्हतं. तिनं बापाला हाताला धरून मयुरासमोर नेलं.

"पाहा. सूर्य तिच्या पाठीमागं आहे. मंग तोंडावर काय आहे?"

महादेवरावांनी मयुराच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"सावली," ते हळूच म्हणाले.

"तिथं लागते लाइट. आता तुम्हीच तिथं उभे राहा, आन् कोनाले हात लावू देऊ नका."

एवढ्या लोकांत आपणच फोटो बुडवले, हे समजल्यावर महादेवरावांना फार ओशाळल्यासारखं झालं. ते दांडी धरून ताठ उभे राहिले. चौथ्यांदा अंगठ्या घातल्या गेल्या, फ्लॅश लख्ख उडाला आणि वैभवीच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. फोटोमागून फोटो निघाले. शेवटी घरच्यांचा एकत्र फोटो घ्यायची वेळ आली, तेव्हा प्रेमिलाबाईंनी नवऱ्याला हाक मारली.

"अजी, या ना इकडं."

"रिलीव्हर आल्याशिवाय ड्यूटी सोडता येत नाही," महादेवराव जागेवरूनच म्हणाले.

चौतीस वर्षं पाळीत काम केलेल्या माणसापुढे इलाज नव्हता. बदलीचा माणूस म्हणून ईश्वरदासांना जेवणाच्या पंगतीतून उठवून आणलं. महादेवरावांनी त्यांना बटण कुठे, बॅटरी किती उरली, दांडी कशी धरायची, सगळं समजावलं, त्यांच्याकडून वदवून घेतलं, आणि मगच ते रांगेत येऊन उभे राहिले. तरी नजर दांडीवरच होती.

संध्याकाळी मानेवाड्याच्या घरी वैभवीनं लॅपटॉपवर तो फोटो उघडला. शेजारीच बँकेचा कोरा फॉर्म उघडा होता. फोटोत सगळ्यांचे चेहरे उजळ होते, आणि मधोमध महादेवराव, डोळे टक्क उघडे ठेवून, ईश्वरदासांवर पहारा करत होते. प्रेमिलाबाई कितीतरी वेळ तो फोटो पाहत राहिल्या.

"लग्नाले बत्तीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "आज दिसले मले यांचे डोळे फोटोत." आणि पदरानं त्यांनी स्वतःचे डोळे पुसले.

महादेवरावांनी फॉर्मकडे एकदा पाहिलं, फोटोकडे दोनदा.

"पुढचा कार्यक्रम कवा आहे वं?"

"रविवारी. काटोलले. दुपारी एक वाजता."

"उन्हात?"

"उन्हात."

"मंग पहिली पाळी माही," ते म्हणाले आणि उठले. दारापाशी सवयीनं हात दिव्याच्या बटणाकडे गेला. बोट बटणावर टेकलं, आणि तिथेच थांबलं. त्यांनी मागे वळून मुलीकडे पाहिलं.

"हा लागते का वं तुले?"