ताप, थंडी, पाहुणा

राष्ट्राचं आरोग्य प्रत्येक नागरिकाच्या दारापासून सुरू होतं, असं आमचे शेजारी व्यंकटराव मानतात. आमच्या दारापासून ते महिन्यातून दोनदा, सकाळी सव्वासातला सुरू होतं. तेव्हा माझ्या तोंडात ब्रश असतो.

"ताप? थंडी? पाहुणा?"

मी तीनदा मान हलवतो. मग व्यंकटराव खिशातून लाल खडू काढतात, दाराशेजारच्या भिंतीवर तारीख, घरातली माणसं आणि आपली सही टाकतात, आणि बॅटरी घेऊन मोरीतल्या पिंपाचं झाकण उचलतात. डासांच्या अळ्या शोधायला. हिवताप विभागात त्यांनी उभा जन्म हेच केलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. विभागानं त्यांना तसं कळवलं असणार, पण पटवून दिलेलं दिसत नाही.

पाहुणा अशासाठी, की परगावचा माणूस ताप घेऊन येतो. हदगावचे माझे मेहुणे मुक्कामाला आले की व्यंकटराव त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारतात आणि मागच्या पंधरवड्यातल्या तापाची चौकशी करतात. त्यामुळे मेहुणे आता आमच्याकडे पहाटे उठून लांब फिरायला जातात. चालण्याच्या फायद्यांवर पेपरात रोज काहीतरी येतं, हा फायदा अजून आलेला नाही.

लातुरात हे काम सोपं नाही. इथे नळ आला की लोक नातेवाइकांना फोन करून सांगतात. म्हणून घरात पिंपं, हंडे, बादल्या, प्रसंगी कुकरसुद्धा भरून ठेवलेला असतो. एकदा पेपरात एकाच पानावर दोन बातम्या होत्या. वर: डेंगीचा धोका, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा. खाली: पाणी दहा दिवसांनी येईल, नागरिकांनी साठा करून ठेवावा. मी दोन्ही मोठ्यानं वाचून दाखवल्या. म्हटलं, आता हे अडकले.

"दोन्ही खऱ्या हायत सर," व्यंकटराव म्हणाले. "मधी आपण हाव. फडकं बांधा."

दुसऱ्या दिवशी जुन्या धोतराचे तुकडे आणून त्यांनी आमच्या सगळ्या पिंपांची तोंडं बांधली. आमची मोरी तेव्हापासून डोळ्यांच्या दवाखान्यासारखी दिसते.

एका आरोग्य मोहिमेच्या उद्घाटनाला मी त्यांच्यासोबत गेलो होतो. डासमुक्तीची शपथ झाली, हार झाले, पाहुणे बोलायला उठले. व्यंकटराव स्टेजजवळच्या शोभेच्या कुंडीपाशी वाकलेले. तिच्याखालची ताटली त्यांनी अलगद उचलली, पाहुण्यांच्या समोर नेऊन धरली आणि बॅटरी लावली. पाहुण्यांना वाटलं ओवाळतायत. त्यांनी नमस्कार केला.

तर असा माणूस आमच्या गल्लीत सुखानं नांदत होता, तोवर बिराजदारांनी घराला रंग दिला. बिराजदारांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी हस्तिदंती रंग लावला आणि आठव्या दिवशी त्यावर लाल खडूनं "माणसं ५, ताप नाही" उमटलं. त्यांच्या पोर्चमध्ये बैठक बसली.

"सरकारनं त्येला रिटायर केलंय," बिराजदार म्हणाले, "आपण कामून चालू ठेवलंय?"

भिंतीवर लिहिणं बंद, दार वाजवणंही बंद, असं ठरलं. हा निरोप मी द्यायचा होता. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे मला नाजूक बोलता येतं असा गल्लीचा समज आहे. खरं तर तिथे मी तीस वर्षं फक्त "शांतता राखा" एवढंच म्हणत होतो.

संध्याकाळी गेलो. वाटेत लक्षात आलं, ते नऊ वर्षं आमच्याकडे येतायत आणि मी त्यांचा उंबरा कधी ओलांडलेला नाही.

व्यंकटराव पाणी आणायला आत गेले. दारामागची भिंत लाल अक्षरांनी भरलेली होती. वरपासून खालपर्यंत, दर पंधरवड्याची एक ओळ. तारीख, माणसं, ताप, पाहुणा, अळी. वरच्या ओळींत माणसं ३. मग मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली, तिथून माणसं २. मधल्या एका ओळीपासून १. मागच्या पावसाळ्यात सलग दोन ओळींत ताप: आहे. त्या दोन्ही वेळा ते आमच्या दारात आले होते. आम्हाला ताप आहे का, विचारायला.

पाहुण्याच्या रकान्यात सगळीकडे नाही. अळीचा रकाना कोरा.

"हा कामून कोरा?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा वळते.

"तो दुसऱ्यानं भरायचा असतोय. आपल्या घराची तपासणी आपण करायची न्हाई. नियम हाय."

"मग कुणी आलं न्हाई?"

"येतील की." त्यांनी तांब्या माझ्यासमोर ठेवला. "भिंतीचं सांगायला आलाव ना सर? बिराजदाराच्या पोर्चमधलं इथपत्तुर ऐकू येतंय."

मी पाणी प्यालो. म्हणालो, "न्हाई. तपासणीला आलो."

व्यंकटरावांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली, बॅटरी आणि खडू माझ्या हातात दिला आणि बाजूला सरळ उभे राहिले. मी विचारलं, "ताप? थंडी?" ते दोन्हींना न्हाई म्हणाले. पाहुण्याचं मी विचारलं नाही, त्या रकान्यात सरळ १ लिहिलं. मग आतली भांडी पाहिली. रांजण स्वच्छ. माठ स्वच्छ. पिंपाला फडकं बांधलेलं. शेवटी खिडकीतला कूलर उघडला. उन्हाळा संपून महिना झाला होता, पाणी आत तसंच.

मी अळीच्या रकान्यात लिहिलं: आहे.

व्यंकटरावांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"नुसतं आहे लिहून चालत न्हाई सर. किती?"

मी परत वाकलो. सतरा होत्या.