दरोग्याचं चुकलेलं रीडिंग

आमच्या बुधवारा मोहल्ल्यात लोक एकमेकांच्या घरी गेले की चहा घेतात, फार तर पान्हा उसना मागतात. महाजनभाऊ आले की वास मागायचे. "तुमच्या टॉमीचा वास द्या ना थोडा," असं ते दारात उभं राहून, विरजण मागावं तितक्या सहज म्हणायचे. वास म्हणजे टॉमीच्या अंथरुणाची चिंधी. ती ते चिमट्याने उचलत, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकत, झाकण घट्ट फिरवत आणि वर पट्टी चिकटवत: 'टॉमी. पामेरियन. तिसरं घर, निळं दार. स्वभाव भांडखोर.' टॉमी तर इथेच आहे, हरवलाय कुठे, असं कुणी विचारलं की ते त्या माणसाकडे दयेने बघत. "हरवल्यावर काय मागणार सरजी? तोवर तुमच्या घरात पोछा लागलेला असतो."

अशा चाळीसेक बरण्या त्यांच्या घरात फळीवर ओळीने होत्या. महाजनवहिनी वारल्यापासून त्या घरात लोणचं पडलं नव्हतं, पण गल्लीतली यच्चयावत कुत्री-मांजरं मुरत होती.

महाजनभाऊ बिजली विभागात मीटर रीडर होते. तीस वर्षं गावभर फिरले आणि तेरा वेळा चावून घेतलं. त्यामुळे कुत्र्यांचं शास्त्र ते पुस्तकातून नाही, पोटरीतून शिकले होते. पँट वर करून ते डाग दाखवायचे: हा अल्सेशियन, हा डॉबरमन, हा गावठी, हा डॉबरमनच पण दुसऱ्या घरचा. रिटायर झाल्यावर त्यांनी जातींवर व्याख्यानं सुरू केली. ऐकणारा बहुधा दाढी करायला बसलेला असायचा, म्हणजे उठून जाऊ शकत नसायचा. ब्लडहाउंड हा त्यांचा देव. त्याचे लांब कान जमिनीवरचा वास झाडून नाकाकडे आणतात, चेहऱ्याच्या वळ्या तो वास धरून ठेवतात, असं सांगताना ते स्वतःचे गाल ओढून दाखवत. बीगल म्हणजे त्याच घराण्यातला धाकटा भाऊ. लॅब्राडोरला नाक उत्तम, पण पुरावा खाऊन टाकतो. पामेरियनला नाक असतं पण वापरायची इच्छा नसते, श्रीमंताच्या मुलाला दिलेल्या डिक्शनरीसारखं. आणि पग? "त्याला नाक कुठाय? नाक होतं तिथली जागा आहे."

ब्लडहाउंड त्यांनी फक्त मोबाइलवर पाहिला होता.

त्यांच्याकडे होता तो दरोगा. इंदोरच्या कुण्या माणसाने शुद्ध बीगल म्हणून गळ्यात मारलेला. सहा महिन्यांत बीगल फक्त कानांत उरला. बाकी पाय, शेपूट आणि चेहऱ्यावरचा अपराधी भाव हे सगळं आपल्या बसस्टँडवरचं. पण भाऊंनी त्याला कामाला लावलं. कुणाचं जनावर हरवलं की हे दोघं निघायचे, पुढे दरोगा, मागे खाकी शर्टात भाऊ, खांद्याला जुनी मीटरवाली झोळी. दरोगा हुंगायला थांबला की भाऊ हात वर करून सगळी रहदारी थांबवायचे. "आवाज नको. रीडिंग घेतोय तो."

शोध लागला की दरोगा तिथेच बसायचा. ती त्याची सही. आता त्याच्या सह्या कशावर झाल्या तेही सांगतो. एक पामेरियन त्याच्या मालकाच्याच पलंगाखाली सापडला. एक लॅब्राडोर मावा-जिलबीच्या दुकानापाशी सापडला; तो तिथे आहे हे अख्ख्या गावाला माहीत होतं, मालक सोडून. भाऊ मात्र डायरीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहायचे आणि म्हणायचे की नोकरीत तीस वर्षं एक रीडिंग चुकलं नाही, आता काय चुकणार.

सगळ्यात जास्त मी हसायचो. मी शाळेत इतिहास शिकवतो. दुसऱ्यांच्या मूर्खपणावर बोलायची मला सवय आहे. शिक्षकांच्या खोलीत मी भाऊंची नक्कल करायचो, गाल ओढून. चांगली करायचो.

आता जे सांगायचं आहे ते पाच वर्षं मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

माझी आई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. तिच्या पायाशी जलेबी झोपायची. जलेबी म्हणजे तिची मांजर, नारिंगी, गोल वळून बसणारी. शाळेतून आल्यावर मी आईला भरवायचो. ती अर्धा घास खायची, अर्धा जलेबीला द्यायची. आणि बोलायची जलेबीशीच. माझ्या लहानपणच्या गोष्टी, माझ्या वडिलांच्या गोष्टी, ज्या तिने मला कधी सांगितल्या नाहीत, त्या मांजरीला सांगायची. मी समोर वाटी धरून बसलेला. एका संध्याकाळी ती तिला म्हणाली, "या घरात माझं ऐकणारी तू एकटीच, माय."

मला राग आला. पन्नाशीच्या माणसाला, मांजरीचा.

रविवारी दुपारी आई झोपली होती, सुनंदा, माझी बायको, बाजारात गेली होती. मी जलेबीला पोत्यात घातलं, पोतं स्कूटरच्या पुढच्या पाट्यावर पायांत धरलं आणि गावाबाहेर निंबोल्याच्या रस्त्याला लागलो. मांजर घरी परत येऊ नये म्हणून पोतं तीनदा गोल फिरवायचं असतं, म्हणजे तिला दिशा कळत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. मी चारदा फिरवलं. केळीच्या बागेत पोत्याचं तोंड सोडलं, घरी आलो, पोतं जिन्याखाली टाकलं, हात धुतले आणि चहा प्यायलो.

आईने पहिल्या दिवशी हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी खाणं कमी केलं. तिसऱ्या दिवशी ताट परत पाठवलं. तोंड मिटून भिंतीकडे वळली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर फार दिवस नाहीत. पाणी चमच्याने पाजायचं, तेही ओठांवरून खाली यायचं. तेव्हा सुनंदाने मला न विचारता महाजनभाऊंना बोलावलं.

सुनंदाही आमच्याच गावची. परका माणूस घरात येणार म्हणून तिने आधी जलेबीचं फडकं, तिची टोपली, तिचा कोपरा, सगळं फिनाइलने धुऊन काढलं. भाऊ आले, त्यांनी हवा हुंगली आणि कपाळाला हात लावला. जलेबीची बरणी नव्हती. त्यांनी पूर्वी तिचा वास मागितला तेव्हा मीच त्यांना हसून घालवलं होतं. शेवटी त्यांनी आईच्या गोधडीचं पायाकडचं टोक दरोग्यासमोर धरलं. आईने मान वळवून विचारलं, "सापडंल का हो भाऊ?" ते म्हणाले, "हाव, सापडंल. घाई नको करू, रीडिंग घेऊ दे त्याला."

गल्ली जमली होती. कुत्रा मांजर शोधणार म्हटल्यावर फुकट तमाशा कोण सोडणार? समोरचे बन्सीसेठ तर खुर्ची घेऊन बसले होते.

दरोगा पायऱ्या उतरला. दारातून सरळ माझ्या स्कूटरकडे. पाट्यावर नाक घासलं, बराच वेळ. मग वळला आणि जिन्याखाली घुसला. भाऊ वाकून त्याच्यामागे गेले. आत काय होतं ते मला माहीत होतं: नारिंगी केसांनी भरलेलं पोतं. ते दोघं बाहेर आले. दरोगा गल्लीकडे गेला नाही. तो माझ्यापाशी आला, माझी चप्पल हुंगली आणि माझ्यासमोर बसला.

बन्सीसेठ म्हणाले, "अरे, मास्तरच मांजर निघाले."

गल्ली हसली. कुणी म्याव केलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी हसायचा प्रयत्न करत होतो. मला वाटलं, आता बोलतील. बोलायचा हक्क होता त्यांना. त्यांच्या कुत्र्याने आयुष्यात पहिल्यांदा खरोखर काहीतरी शोधलं होतं.

ते गल्लीकडे वळले आणि म्हणाले, "दरोग्याला सर्दी आहे. रीडिंग चुकलं."

ते वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. लोक पोट धरून हसले. आतून आई विचारत होती, सापडली का रे, सापडली का.

जाताना भाऊ उंबऱ्यावर बुटाची नाडी बांधत बसले. वर न बघता त्यांनी हळूच विचारलं, "कोणत्या बाजूला, सरजी?"

"निंबोला."

"रस्त्याच्या डाव्या हाताला का उजव्या?"

"डाव्या."

त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

पुढचे चार दिवस ते मोपेडवर दरोग्याला पुढे बसवून सकाळी जायचे आणि उन्हं उतरल्यावर यायचे. गल्लीत विचारलं तर सांगायचे, सर्दीला मोकळी हवा बरी. बागवाले त्यांना केळीचोर समजून हाकलायचे. भाऊंच्या त्या 'हाव'च्या आशेवर आई चमचाभर पाणी गिळू लागली होती. मी शाळेत जायचो. मी एकदाही म्हणालो नाही की चला, मी येतो.

पाचव्या दिवशी ते मागच्या दाराने आले. हातांवर कोपरापर्यंत ओरबाडे, आणि पोत्यात जलेबी. वाळलेली, एक कान फाटलेला. बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत बसली होती, दरोगा दारात बसून राहिला, एवढंच त्यांनी सांगितलं.

मी म्हणालो, "तुम्हीच न्या आत. दरोग्याचं नाव होईल."

"त्याला नाव काय करायचंय? बिस्किट दिलं की झालं." मग पोतं माझ्या हातात देत ते म्हणाले, "मांजर कोणीही आणून देईल हो. माय वाट बघते ती लेकाने आणायची."

मी आणली. आईने आधी मांजरीला जवळ घेतलं, मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्या दुपारी ती खिचडी जेवली. पुढची चार वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली की माझ्या लेकाने उन्हातान्हात केळीची बाग न् बाग पालथी घातली. मी शेजारी बसून ऐकायचो. मान हलवायचो. गल्लीचा निकालही ठरला: कुत्र्याला जमलं नाही, ते मास्तरने केलं. त्यानंतर भाऊंना कुणी बोलावलं नाही. जनावर हरवलं की लोक आता मोबाइलच्या ग्रुपवर फोटो टाकतात.

गेल्या वर्षी आई गेली. तेराव्यानंतरच्या रविवारी मी महाजनभाऊंकडे गेलो. पहिल्यांदाच, काही काम नसताना. त्यांनी खुर्ची पुढे केली. मग ते म्हणाले, दरोग्याचा सराव सुटलाय, तुम्ही लपता का जरा?

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी तापीच्या काठी झुडपांमागे लपतो. इतिहासाचा शिक्षक, चष्मा सांभाळत, उकिडवा. दरोगा म्हातारा झालाय, वेळ लावतो, पण येतो आणि समोर बसतो. मागून भाऊ धापा टाकत येतात, डायरी काढतात, वाऱ्याची दिशा लिहितात. मग आम्ही थर्मासमधला चहा पितो. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर दरोग्याची चौकशी करतो, असं ते सांगतात.

मागच्या रविवारी मी धीर केला. म्हटलं, "भाऊ, आई राहिली नाही. मी गल्लीत खरं काय ते सांगून टाकतो. दरोग्याचं रीडिंग बरोबर होतं, हे लोकांना कळू दे."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. दरोग्याचा कान उलटून ते त्यातल्या गोचिडी बघू लागले.

"सांगू नका," ते म्हणाले. "मन हलकं झालं की तुम्ही रविवारी कशाला याल?"

मी थर्मासचं झाकण लावलं. न बोलणं मला चांगलं जमतं. घरी येऊन हे लिहून काढलं, आता छापायला देतोय. बन्सीसेठ वाचतील, गल्ली वाचेल, सुनंदा वाचेल. तरी येत्या रविवारी मी जाणारच आहे, जरा लवकर निघायचं आहे; लपायला दूरची जागा बघून ठेवली आहे, आणि भाऊंना चालायला वेळ लागतो.