अपरिहार्य माणसाची रजा

मंगळवारी सकाळी आठ वाजता, मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये, कुकरची शिट्टी झाली आणि ताजुद्दीनभाई परकार यांनी फोन उचलला. फोन सौदी अरेबियातून, जुबैलहून होता. तिकडे सात वाजले होते आणि पहिली पाळी सुरू झाली होती. रजेवर असताना फोन उचलायचा नाही, असे त्यांनी विमानात बसण्यापूर्वी पत्नी आबिदासमोर कबूल केले होते.

जुबैलच्या कारखान्यांना दुरुस्तीची माणसे आणि सुटे भाग पुरवणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत ताजुद्दीनभाई स्टोअरकीपर होते. दिवस सौदीकरणाचे होते. कंपनीत सौदी किती आणि बाहेरचे किती, हे मोजून सरकार प्रत्येक कंपनीला एक रंग देत असे. हिरव्या कंपनीला सगळे माफ, लाल कंपनीला काहीच नाही. ताजुद्दीनभाईंची कंपनी पिवळी होती, आणि पिवळ्या कंपनीतल्या माणसाचा इकामा, म्हणजे देशात राहायचा परवाना, पुढच्या वेळी नवा होईलच याची खात्री कोणी देत नसे. ताजुद्दीनभाईंना फक्त दोन वर्षे हवी होती. मुलगी झेबा अकरावीत होती. जुबैलच्या भारतीय शाळेतून तिची बारावी झाली की कंपनीने लाल व्हावे की जांभळे, याला त्यांची हरकत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने नवाफ नावाचा सौदी तरुण त्यांच्या हाताखाली दिला. त्याला काम शिकवण्याच्या उपक्रमाचे नाव ज्ञान-हस्तांतरण असे होते. तीन वर्षांत ताजुद्दीनभाईंनी चहात वेलची केव्हा टाकावी, एवढे ज्ञान त्याच्याकडे हस्तांतरित केले. नवाफचे बाकी सगळे चांगले होते. तो नम्र होता, वेळेवर येई, त्यांना 'उस्ताद' म्हणे. पण तो प्रश्न विचारी, आणि ही खोड धोक्याची होती.

त्यावर ताजुद्दीनभाईंनी आधीच उपाय करून ठेवला होता. पंपाचे सील 'स्टेशनरी' लिहिलेल्या कपाटात होते. गॅस्केट 'संडासाचे सामान' या पाटीखाली होती, आणि 'गॅस्केट' अशी पाटी असलेल्या कपाटात मागील काही वर्षांची कॅलेंडरे होती. कंप्युटरमध्येही हीच व्यवस्था होती. "माल माझ्या डोक्यात आहे," असे ते सांगत. कपाट फोडता येते, डोके फोडता येत नाही, हा त्यामागचा विचार होता.

रजेची कल्पना त्यांच्या मावसभावाची. यूनुस शेजारच्या कंपनीत पंपखाते सांभाळी आणि इतरांना सल्ले देई.

"भाईजान, तुम्ही रजेवर जातच नाही, म्हणून कंपनीला तुमची किंमत कळत नाही," तो म्हणाला. "आता शटडाउन आहे. कारखाना बंद ठेवून दुरुस्ती चालणार, मिनिटामिनिटाला पार्ट लागणार. बरोब्बर तेव्हा निघा. दोन दिवसांत पाया पडत येतील."

"आणि नाही आले तर?"

"तुमच्याशिवाय गॅस्केट कुणाला सापडणाराय का? मग?"

गावी जाण्याचा विचार झाला, पण तो परवडणारा नव्हता. दापोलीकडच्या त्यांच्या गावी सौदीहून जाणारा माणूस एकटा जात नाही. त्याच्यासोबत ब्लँकेटे, अत्तरे, दुधाच्या पावडरीचे डबे आणि चुलतचुलत भाच्याच्या लग्नाचा आहेर जातो. उलट मॉरिशसमध्ये त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. भारतीयांना व्हिसा लागत नव्हता, आणि जुलैत तिथे हिवाळा असल्याने कोणी जात नव्हते, त्यामुळे फ्लॅट पडत्या भावात होता. समुद्रातून उसळलेल्या ज्वालामुखीचे बेट, स्वयंपाकघर आणि फुकट वायफाय. बेटावर खर्च न करता बेट पाहणे, असे सहलीचे धोरण ठरले.

धोरणाची अंमलबजावणी आबिदाकडे आली. तिने कुकर, तांदूळ, तूरडाळ, कोकम, मसाला, चपात्यांचे पीठ आणि सुके बोंबील दोन बॅगांत भरले. कपडे उरलेल्या जागेत गेले. मॉरिशसच्या विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने बोंबलांची पिशवी उघडली आणि लगेच बंद केली. हे काय आहे, असे त्याने विचारले नाही. ती जप्त करायची तर हातात धरावी लागली असती.

पहिले दोन दिवस पाऊस आणि गार वारा होता. जुबैलच्या भट्टीतून आलेले कुटुंब चादरी गुंडाळून खिडकीतून समुद्र बघत बसले. फोन वाजला नाही. ताजुद्दीनभाई तो दर थोड्या वेळाने उचलून चालू असल्याची खात्री करून घेत.

"वाजत नाहीये म्हणून जीव जातोय," आबिदा म्हणाली. "वाजला की उचलणार. मला काय माहीत नाही?"

"वाजू दे. नुसती मजा बघायची. उचलणार नाही."

मंगळवारी तो वाजला. दोनदा त्यांनी मजा बघितली. तिसऱ्या वेळी, कंपनी किती रडकुंडीला आली आहे हे ऐकल्याशिवाय मजा पूर्ण होत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. शिवाय वायफाय फुकट होता.

"उस्ताद, माफ करा," नवाफ म्हणाला. "पंपाचं सील पाहिजे. सगळं स्टोअर पालथं घातलं. माणसं हात बांधून उभी आहेत."

ताजुद्दीनभाईंनी पुरेसा वेळ जाऊ दिला. "स्टेशनरी बघ," ते म्हणाले आणि फोन ठेवून बायकोकडे वळले. "बघितलंस? माझ्याशिवाय पान हलत नाही."

"हललं की आता," आबिदा म्हणाली. "तुम्हीच हलवलंत."

बुधवारी गॅस्केट हवी होती. गुरुवारी नवाफने व्हिडिओ कॉल केला आणि फोन कपाटासमोर धरून विचारले, "उस्ताद, हे इथे का?" लपवण्यासाठी, असे उत्तर देणे शक्य नव्हते. इतक्या वर्षांच्या व्यवस्थेला मूर्खपणा म्हणणे तर त्याहून अशक्य होते. तेव्हा ताजुद्दीनभाईंनी त्या व्यवस्थेमागचे शास्त्र सांगायला सुरुवात केली. कोणता माल कोणत्या पाटीखाली आणि का, याची उपपत्ती त्यांनी जागच्या जागी रचली, आणि ती सिद्ध करण्यासाठी एकेक कपाट उघडायला लावले. नवाफ लिहून घेत होता. इतके लक्ष देऊन ताजुद्दीनभाईंचे बोलणे आजवर कोणी ऐकले नव्हते. घरात तर नाहीच.

"उस्ताद, सील 'सील' लिहिलेल्या कपाटात ठेवलं तर?" नवाफने अदबीने विचारले.

"चालेल," ताजुद्दीनभाई विचार करून म्हणाले. "पण मला विचारून ठेव."

तो विचारून ठेवू लागला. ऊन पडले तसे कुटुंब बेटाच्या मध्यावरचे ज्वालामुखीचे विवर बघायला बसने गेले. विवराला प्रवेशशुल्क नव्हते. चपात्या आणि बटाट्याची भाजी सोबत होती. काठावर उभी राहून झेबाने आत पाहिले. तळाशी झाडी होती आणि थोडे पाणी.

"बस, इतना ही? अब्बा, इट्स जस्ट अ होल. विथ ट्रीज."

"थांब बाळा, व्हॉल्व्हचं चाललंय," ताजुद्दीनभाई एका कानावर हात दाबून म्हणाले. वारा फार होता.

"फुकट आहे ना, मग नीट बघ," आबिदाने मुलीला सांगितले. "अब्बा नंतर फोटोत बघतील."

फ्लॅटची मालकीण मधुमतीबाई याच बेटावरची. तिचे पूर्वज कधीकाळी रत्नागिरीच्या बाजूने उसाच्या मळ्यात कामाला आले होते. तिची मराठी ही शाळेत शिकलेली, त्यामुळे ती पुस्तकातल्यासारखी बोले. ओट्यावर फोन टेकवून डाळ ढवळता ढवळता पाइप जोडायच्या फ्लँजचे प्रकार समजावणारा भाडेकरू तिने दारातून पाहिला.

"आपण विश्रांतीसाठी आला आहात की नोकरीसाठी?" तिने विचारले.

"दोन्हीसाठी," आबिदा म्हणाली. "नोकरी तिकडे आहे, करतात इकडून."

पुढच्या आठवड्यात कंपनीतून हुसेनमियाँचा फोन आला. हुसेनमियाँ हैदराबादचे. कर्मचाऱ्यांच्या नेमणुका आणि रजा तेच बघत. ते काम सौदी माणसासाठी राखीव असल्याने त्यांच्या इकाम्यावर 'सुतार' असा व्यवसाय लिहिला होता.

"ताज भाई, नवाफ बोल रा सब समझ में आ गया. मॅनेजमेंट भोत खुश है," ते म्हणाले. "बस वो कंप्युटर का पासवर्ड दे देव. आडिट है."

पासवर्ड न दिल्यास ज्ञान-हस्तांतरणात अडथळा आणल्याचा ठपका आला असता आणि नोकरी धोक्यात आली असती. नोकरी टिकवण्यासाठी त्यांनी पासवर्ड दिला.

रविवारी समारंभ झाला. नवाफला पूर्ण प्रशिक्षित घोषित करून कंपनीने त्याला स्टोअरकीपर नेमले. शिकाऊ सौदी सरकारच्या मोजणीत धरत नसत, पक्का धरत, त्यामुळे या नेमणुकीने कंपनीचा रंग पिवळ्याचा हिरवा झाला. श्रेय ज्याचे त्याला द्यावे म्हणून ताजुद्दीनभाईंना व्हिडिओवर हजर राहण्यास सांगण्यात आले. ते वर इस्त्रीचा शर्ट घालून आणि खाली लुंगी नेसून बसले. त्यांना 'उत्कृष्ट सौदीकरण प्रशिक्षक' हा किताब जाहीर झाला. टाळ्या वाजल्या. त्यांच्या नावाचा केक कॅमेऱ्यासमोर धरला, मग कापला आणि हजर असलेल्यांनी खाल्ला. नवाफच्या डोळ्यांत खरोखर पाणी होते.

"उस्ताद, मी जे काही आहे ते तुमच्यामुळे," तो म्हणाला. यात अतिशयोक्ती नव्हती.

समारंभ संपल्यावर हुसेनमियाँ फोनवर थांबले.

"मेरी जगह गई क्या?" ताजुद्दीनभाईंनी विचारले.

"जगह कहाँ जाती भाई. जगह वहींच है. उस पे नवाफ है."

कंपनीने एक नवे पद निर्माण केल्याचेही त्यांनी सांगितले. ज्ञान-हस्तांतरण दुरून, रजेवर बसून आणि स्वखर्चाने इतके यशस्वी होऊ शकते हे पाहून मॅनेजमेंटने 'मुख्य प्रशिक्षक' नेमायचे ठरवले होते. ताजुद्दीनभाईंनी ते पद मागितले. पण सौदीकरणाचा प्रशिक्षक बाहेरचा असेल तर कंपनी परत पिवळी होणार होती. तेव्हा उत्कृष्ट प्रशिक्षकाकडून शिकलेला सौदी शोधण्यात आला. असा एकच होता. ते पदही नवाफकडे गेले.

"तो मैं वापस आ के क्या करूँ?"

"वापस नक्को आव," हुसेनमियाँनी आवाज खाली घेतला. "आए तो पहले दिन फायनल एग्झिट, हमेशा के लिए घर. रजा वाले को निकालते नहीं. नहीं आए तो कागज पे तुम रजा पे. बिनपगारी. कागज पे नोकरी चालू, इकामा चालू. रजा बढ़ाते रहो."

ताजुद्दीनभाईंनी हे बायकोला दोनदा सांगितले. पहिल्यांदा तिला वाटले की आपण नीट ऐकले नाही.

"म्हणजे आपण परत गेलो तर नोकरी जाणार," आबिदा म्हणाली, "आणि नाही गेलो तर राहणार?"

"कागदावर."

झेबा दारात उभी होती. "अब्बा, मेरा स्कूल?"

"नाव राहील बाळा. इकामा आहे तोवर शाळेतून नाव कापत नाहीत."

"और मैं?"

या प्रश्नासाठी नियमात तरतूद नव्हती. आबिदा उठली आणि पिठाचा डबा हलवून त्यात किती उरले आहे ते बघू लागली. मग ती पाठमोरीच म्हणाली, "म्हटलंच होतं, वाजला की उचलणार."

रजा वाढवण्याचा पहिला अर्ज मंजूर झाला. तो नवाफने स्वतः फिरून मंजूर करून घेतला. परतीच्या तिकिटांची तारीख बदलता येत नव्हती, ती वाया गेली. मधुमतीबाईला मुक्काम वाढल्याचे सांगितले, तेव्हा तिला आश्चर्य वाटले नाही. "आमची मंडळीदेखील पाच वर्षांच्या करारावर आली होती," ती म्हणाली. "आपल्याला आणखी एक पातेले देऊ का?"

ही हकीकत जुबैलला पोचल्यावर कोकणी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हळहळ व्यक्त झाली. ताजुद्दीनभाईंची गाडी विकायची आहे का, अशी विचारणा पाच जणांनी केली. यूनुसने सविस्तर मत मांडले. चूक रजेची नव्हती, फोन उचलण्याची होती. पंपखात्यात आपल्याशिवाय पान हलत नाही, हे आपल्या कंपनीला कळावे म्हणून तो स्वतः पुढच्या महिन्यात मॉरिशसलाच रजेवर निघत आहे. फोन बंदच राहील. हाताखालच्या सौदी मुलाला बेटावरचा नंबर देऊन ठेवला आहे, पण अगदी अडल्यावेळीच लाव, अशी सक्त ताकीद आहे.

ग्रुपवरच्या इतर बऱ्याच जणांनीही रजेचे अर्ज टाकले आहेत. आपल्याशिवाय आपले टेबल चालणार नाही, याची त्या सर्वांना खात्री आहे. वाचकांपैकी ज्यांना अशीच खात्री असेल त्यांनी फ्लॅटसाठी मधुमतीबाईंशी परस्पर संपर्क साधावा. दर अजूनही हिवाळ्याचाच आहे. मात्र शेवटची माहिती हाती आली तेव्हा फ्लॅट रिकामा झाला नव्हता, आणि तो कधी होईल हे परकार कुटुंबाला सांगता आले नाही.