'फिलिग्री' या शब्दाचा मुलचेरा तालुक्यातील वापर

वस्तू कितीही जुनी असली तरी ज्या दिवशी तिला इंग्रजी नाव मिळेल तोच तिचा जन्मदिवस धरावा, असे आमच्या हस्तकला कार्यालयाचे पहिल्यापासूनचे धोरण आहे. त्याआधी ती नुसती पडलेली असते. बांबूच्या टोपल्या, मातीची मडकी, माणसे, सगळ्यांना हाच नियम लागू आहे (माणसांच्या बाबतीत आधार कार्डही चालते).

'फिलिग्री' हा असाच एक गुणी शब्द. मूळ अर्थ सोन्याचांदीच्या तारेची नाजूक नक्षी. पुढे लेससारख्या कुठल्याही जाळीकामाला तो लावू लागले. मराठीत आपण 'जाळी' म्हणतो, पण जाळी म्हटले की गिऱ्हाईक घासाघीस करते. फिलिग्री म्हटले की तेच गिऱ्हाईक आवाज खाली आणते आणि चष्मा पुसते.

मुलचेरा तालुक्यात हा शब्द प्रथम उच्चारला गेला तो गेल्या पावसाळ्यात, जंगलातल्या एका टोल्यावर, म्हणजे चार घरांच्या वस्तीवर, सुकरीबाईंच्या अंगणात. घरात सुकरीबाई आणि त्यांची नात सोमारी, दोघीच. आदल्या वर्षी मलेरियाने सोमारीला असे झोडपले की पोर वाचली हेच पुष्कळ. तेव्हापासून ती आरोग्य खात्याच्या दवा लावलेल्या मच्छरदाणीत झोपायची. त्या मच्छरदाणीला उंदरांनी, शेळीने आणि बाजेच्या खिळ्याने आपापल्या परीने भोके पाडली. सुकरीबाईंनी मासोळीचे जाळे सांधतात तसे एकेक भोक जुन्या लुगड्यांच्या रंगीत दोऱ्यांनी विणून काढले. शेवटी मच्छरदाणी थोडी आणि सांधकाम जास्त, अशी स्थिती झाली.

नव्या मच्छरदाण्या आल्या तेव्हा सुकरीबाई जुनी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. वाटप करणारा अंकुश भला माणूस. त्याने ती उजेडात धरून पाहिली.

"बाई, फाटली असती तं नवी देल्ली असती. याले तं एकबी भोक नाई."

"मी शिवली म्हून नाई ना, भाऊ!"

"मंग काऊन शिवली?"

सुकरीबाई जुनीच मच्छरदाणी घडी घालून परत घेऊन गेल्या. मदत हवी असेल तर नुकसान जपून ठेवावे लागते, ही साधी गोष्ट आमच्या लोकांना अजून उमगलेली नाही.

त्याच आठवड्यात आमच्या सल्लागार रंजीता मॅडम टोल्यावर गेल्या. वाळत घातलेली मच्छरदाणी दिसताच त्यांनी गाडी थांबवली, छातीवर हात ठेवला आणि तो शब्द उच्चारला. (ड्रायव्हरला वाटले, मॅडमना काहीतरी चावले.) मच्छरदाणीची जागच्या जागी नागपूरच्या प्रदर्शनासाठी निवड झाली.

"न्याची तं न्या, मॅडम," सुकरीबाई म्हणाल्या, "पण पोरगी यातच झोपते. पैसे नोको मले. दुसरी देऊन जा."

कलाकाराने इतका व्यवहारी विचार करू नये, असे मॅडमनी प्रेमाने समजावले आणि प्रमाणपत्र दिले. त्याचे लॅमिनेशन उत्तम होते. त्यातून एकही मच्छर आत शिरू शकला नसता, फक्त ते पोरीच्या अंगावर पुरत नव्हते.

प्रदर्शन गाजले. मागणी इतकी वाढली की तालुक्यात फाटक्या मच्छरदाण्या पुरेनात. तेव्हा कार्यालयाने नव्या कोऱ्या मागवल्या, त्यांना यंत्राने प्रमाणित भोके पाडून घेतली आणि बायकांच्या प्रशिक्षणासाठी टोल्यावर पाठवल्या. म्हणजे सुकरीबाईंच्या हातात नवी मच्छरदाणी आली नाही, असे कुणी म्हणू नये. तिच्यात झोपायला तेवढी मनाई होती, कारण तो कच्चा माल होता; संध्याकाळी तो पेटीत कुलूपबंद व्हायचा. प्रशिक्षणात सुकरीबाईंना 'समाधानकारक' असा शेरा मिळाला.

समारोपाच्या दिवशी सोमारीला ताप भरला. मंचावर परंपरेवर भाषण चालले होते आणि पोर मागच्या सतरंजीवर कुडकुडत होती. खरे सांगतो, मला ते पाहवेना. रक्त तपासले, मलेरियाच निघाला. औषधाने पोर उठून बसली, पण डॉक्टरांनी बजावले, आता हिला मच्छर चावता कामा नये.

सुकरीबाई तडक आमच्या कार्यालयात आल्या. "भाऊ, माही मच्छरदानी कुठी आहे?"

मी चौकशी केली. ती विकली गेली होती. फ्रेम करून, मागे दिवा लावून, एका रसिकाच्या दिवाणखान्यात ती आता लटकते आहे.

ते रसिक म्हणजे तुम्हीच. सोफ्याच्या मागची, तीच. पाहुण्यांना तुम्ही "फिलिग्री आहे" असे सांगता आणि उच्चार बिनचूक करता, याचा कार्यालयाला अभिमान आहे. सुकरीबाईंनी पत्ता मागितला, मी दिला. सोमारीला घेऊन त्या सकाळच्या गाडीने निघाल्या आहेत. भांडायला नव्हे. "मानसंच आहेत ना ते," म्हणाल्या, "पोरीले पाहतीन तं देतीन."

मलाही तशी खात्री आहे. एकच अडचण आहे, आणि ती एव्हाना तुमच्याही मनात आली असेल. फ्रेम काढली तर मागे भिंतीवर डाग दिसेल.