गोठ्याच्या भिंतीची प्रकृती

एका रविवारी दाढी करता करता गोरक्षने ठरवलं, की यापुढे कुणाचंही बोलणं सरळ अर्थाने घ्यायचं नाही.

निर्णय तसा लहान होता. पण तो घेणारा माणूस चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात होता, आणि अशी माणसं एकदा मनावर घेतलं की ताटातल्या पोळीचासुद्धा व्यास मोजतात.

निर्णयामागचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. मागल्या वर्षी गावाहून आईचा, ठकुबाईचा, फोन आला होता. "गोरक्षा, जात्याचा खुंटा लई ढिला झालाय रं. आता काय दळान व्हायचं न्हाई." गोरक्षने तिला लगेच मिक्सर पाठवला. चांगला, वॉरंटीवाला. महिनाभरात आई गेली. तेराव्याला मिक्सरचा खोका माजघरात तसाच बंद पडलेला होता (पाहुण्यांनी त्यावर पान-सुपारीचं तबक ठेवलं होतं). तेव्हा त्याची बायको हर्षाली हळूच म्हणाली होती, "अहो, आई जात्याबद्दल बोलत नव्हत्या. स्वतःबद्दल बोलत होत्या."

चाकणच्या पलीकडच्या त्याच्या गावातल्या जुन्या शेतकरी घरांतली रीतच तशी. दुखण्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. घेतलं की ते घरात मुक्काम ठोकतं. म्हणून बायका जात्याचं, चुलीचं सांगतात आणि पुरुष बैलाचं, विहिरीचं. ऐकणाऱ्याने काय ते ओळखायचं. गोरक्ष त्याच गावात वाढला, पण ही विद्या त्याला कधी आली नाही. लहानपणी आजारी चुलते म्हणाले होते, "आमच्या हिरीचं पानी आटलं," तर हा दोर-बादली घेऊन खात्री करायला गेला होता.

आता मात्र तो चुकणार नव्हता.

सोमवारी कंपनीत सुपरवायझर सुजित म्हणाला, "राव, हा पंखा फारच आवाज करतो." गोरक्षने आठवडाभर मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही.

घरी हर्षाली म्हणाली, "दूध नासलंय."

"माझं काय चुकलं?"

"तुमचं काय चुकणार? विकतचं पिशवीचं दूध आहे ते."

"म्हणजे मी बाहेरून आणलेला?"

हर्षाली पातेलं घेऊन आत गेली आणि तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. (दार लावण्याचा अर्थ काय असावा, यावर गोरक्षने संध्याकाळपर्यंत विचार केला.)

आणि मग शनिवारी वडिलांचा फोन आला. ठकुबाई गेल्यापासून गेनबा गावी एकटेच राहत होते. फोन केला तरी दोन वाक्यांत ठेवायचे. आज मात्र बरंच बोलले.

"गोरक्षा, गोठ्याची भित कलली हाय. आतनं पार भुसभुशीत झालीया. रातच्याला माती गळती. लई दिस टिकायची न्हाई. येऊन बघून जा. दोन टेकू मिळालं तरी भागंल."

फोन ठेवून गोरक्ष खुर्चीत बसला.

"काय झालं?" हर्षालीने विचारलं.

"आबा चालले."

"कुठे?"

"कुठे काय? आतून भुसभुशीत झालेत. रात्री त्रास होतो. दोन टेकू हवेत म्हणाले. मी आणि इंद्रायणी. दोनच तर मुलं त्यांना."

हर्षालीने सगळं बोलणं विचारून घेतलं. "अहो, पण खरंच गोठ्याची भिंत असेल तर?"

"आईचा खुंटा खुंटाच होता का?"

ती शिकवण तिनेच दिली होती.

रविवारी सकाळी रहाटणीहून हे दोघं निघाले. वाटेत दिघीहून बहीण इंद्रायणीला घेतलं. ती गाडीत बसली तीच डोळे पुसत. गोरक्षने दोघींना बजावलं, "आबांनी दुखण्याचं नाव घेतलेलं नाही. आपणही घ्यायचं नाही. काय विचारायचं ते भिंतीवरूनच विचारायचं."

गेनबा ओट्यावर बसले होते. शेजारी गोरक्षचा चुलतभाऊ रोहिदास दोन जाडजूड बाभळीचे वासे तासत होता. गोरक्षने वाशांकडे पाहिलंसुद्धा नाही. तो वडिलांजवळ टेकला आणि जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणाला, "आबा, भिंत जेवते का नीट?"

गेनबांची तंबाखू मळणारी बोटं थांबली. "काय?"

"म्हणजे भूक लागते का तिला? पूर्वीसारखी?"

"भितीला?"

"बरं, जाऊ दे. रात्री झोप?"

"उभी असती ती."

"रात्रभर उभी?"

"मंग? बसली का सपलंच की."

इंद्रायणीने ओढणीत तोंड घालून हुंदका दिला. गेनबांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग लेकाकडे. मग हळूच उठले आणि रोहिदासला बाजूला घेऊन गेले.

"रोहिदास, ह्या पोराचं कंपनीत काय झालंय का? भितीला जेवान इच्यारतोय."

"आबा, शिफ्टचं काम लई वंगाळ. आमच्याकडचा एक जण तर मशिनला हात जोडून रजा मागायचा."

"मंग काय केलं त्याचं?"

"दवाखान्यात नेलं. बोलायचं न्हाई म्होरं काय. गोडीगुलाबीनं न्यायचं."

इकडे गोरक्ष बायकोला सांगत होता, "बघ, रोहिदासलासुद्धा सांगितलंय त्यांनी. साऱ्या भावकीला माहीत आहे. फक्त आपल्याला नाही."

रोहिदास वासे खांद्यावर घेऊन आला. "गोरक्षभाऊ, चल, लावून टाकू टेकू. दोघं असलो की अर्ध्या तासाचं काम."

गोरक्ष गंभीरपणे म्हणाला, "रोहिदास, आता टेकूने भागणार नाही. मुळापासून तपासायला हवं."

"पाया?"

"सगळंच."

"आरं, बघ तरी येकदा भित," गेनबा म्हणाले. "हितंच तर हाय, मागल्या अंगाला."

गोरक्षने मान फिरवली. "नको आबा. मला बघवणार नाही."

गेनबांनी रोहिदासकडे पाहिलं. रोहिदासने डोळ्यांनीच खूण केली आणि वासे खाली ठेवले.

"आबा, आपण चाकणला दवाखान्यात जाऊन येऊ," गोरक्ष म्हणाला.

आबा नाही म्हणतील, ओरडतील, अशा तयारीत तो होता. पण गेनबा ताबडतोब उठले आणि टोपी घालू लागले. "चल बाबा. आत्ता चल. मी हाय तुझ्यासंगं, भिऊ नगंस."

स्वतः एवढे आजारी असून म्हातारा आपल्याला धीर देतोय, हे पाहून गोरक्षला रडूच आलं. त्याला रडताना पाहून गेनबांची उरलीसुरली शंकाही फिटली. सगळी वाट त्यांनी लेकाचा हात सोडला नाही. गियर बदलतानासुद्धा नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पेशंट कोण?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"ह्यो. भितीशी बोलतो," गेनबा म्हणाले.

"भिंतीशी नाही मॅडम, भिंतीविषयी. त्यांना आतून भुसभुशीत वाटतं."

"मला? मला कशाला वाटंल? भितीला वाटतंया!"

बाईंनी दोघांनाही तपासलं. गेनबांची छाती, शुगर, बीपी, सगळं शाबूत निघालं. (या वयात असं बीपी मी क्वचित पाहते, असं त्या म्हणाल्या.) गोरक्षचं बीपी मात्र इतकं वर होतं, की त्यांनी यंत्र बदलून पुन्हा मोजलं. गोळी त्याला लिहून मिळाली. गेनबांनी कागद घडी करून जपून स्वतःच्या खिशात ठेवला.

तेवढ्यात रोहिदासचा फोन आला. "गोरक्षभाऊ, भित बसली."

गोरक्षने समोर स्टुलावर बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. "असं कसं? ठणठणीत आहेत की इथे."

"आरं गोठ्याची भित! खरी भित! पत्र्यासकट खाली आली. म्हस बाहीर चिचंखाली बांधलीवती म्हनून वाचली."

परतीच्या वाटेवर गेनबांनी लेकाचा हात धरला नाही.

मागल्या अंगाला मातीचा मोठा ढीग पडला होता, त्यावर वाकडे झालेले पत्रे. टेकूचे दोन वासे ओट्याजवळ होते तिथेच होते. गेनबा ढिगाजवळ उकिडवे बसले आणि एकेक ढेकूळ उचलून, उलटं करून पाहू लागले. बराच वेळ ते तसंच करत होते.

"काय शोधताय आबा?" हर्षालीने विचारलं.

"काय न्हाई, पोरी. तुजी सासू दर सालाला ही भित लिपायची. आतल्या अंगाला, म्हशीच्या डोक्याच्या वर, तिच्या पंजाचं ठसं व्हतं. बोटं बी दिसायची." त्यांनी हातातलं ढेकूळ ठेवून दुसरं उचललं. "गेल्या दिवाळीला लिपायला ती नव्हती. म्हनून म्हनलं, दोन टेकू देऊ. आजून येखादं साल बघाया मिळालं असतं."

इंद्रायणी रडली नाही. ती नुसती खाली बसली आणि वडिलांबरोबर ढेकळं पाहू लागली. हातात घेतलं की प्रत्येकाचा चुरा होत होता.

गोरक्षला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. तो कसाबसा म्हणाला, "आबा, फोनवर सरळ सांगायचं ना."

गेनबांनी मान वर केली. "भित पडतीया म्हनलं. ह्याच्याहून सरळ कसं सांगत्यात?"

गोरक्षने तिथल्या तिथे, मातीच्या ढिगाच्या साक्षीने, जुना निर्णय रद्द केला. यापुढे माणूस जे बोलेल तेच त्याच्या मनात आहे, असं धरून चालायचं. कमी नाही, जास्त नाही. तो वडिलांजवळ उकिडवा बसला.

"आबा, झालं ते झालं. आता इथे एकटे राहू नका. रहाटणीला चला आमच्याकडे. कायमचे."

हातातली माती गेनबांनी बोटांमधून सोडली. मग लेकाकडे न पाहता म्हणाले, "तुजं घर लई उंचावर गेलं रं, गोरक्षा. आमचा हात काय तिथवर पुरत न्हाई."

हर्षाली चटकन पुढे आली. इंद्रायणीने भावाचा हात दाबला. पण गोरक्षचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा खुलला होता. या वेळी त्याला सगळं नीट समजलं होतं.

"अहो आबा, लिफ्ट आहे की! अकरावा मजला असला म्हणून काय झालं? आणि हात न पुरायला काय, बटणं खालीच असतात. बिल्डिंगमधली लहान पोरंसुद्धा दाबतात."

गेनबांनी वळून लेकाकडे पाहिलं. मग मान हलवली.

"व्हय का. मंग बरं हाय."

"जनरेटरही आहे," गोरक्ष उत्साहाने म्हणाला. "लाइट गेली तरी काही अडत नाही."

हर्षालीने कपाळाला हात लावला. ऊन फार झालंय बिचारीला, असं गोरक्षला वाटलं, आणि तो तिच्यासाठी टोपी आणायला गाडीकडे धावला.